जपानने म्हणे बाहेरच्यांना घेतलंच नाही!

पुण्यातल्या कुठल्याही हापिसात जेवताना स्थलांतराचा विषय निघू दे, दहा मिनिटांत कुणीतरी जपान काढतोच. "युरोपने दारं उघडली, आता भोगतायत. जपान बघ, एकालाही आत घेत नाही. म्हणून तिथे गाड्या सेकंदावर धावतात." बोलणारा बहुतेक वेळा दोन आठवडे टोकियोला क्लायंटकडे जाऊन आलेला असतो, नाहीतर एन-थ्रीच्या परीक्षेची तयारी करत असतो. म्हणजे बाहेरचा म्हणून आत शिरायला रांगेत पहिला हाच!

आता मुद्दा असा की हे विधान मुळातच खोटं आहे. जपानने बाहेरची माणसं घेतली आहेत आणि भरपूर घेतली आहेत. 2024 च्या अखेरीस तिथे सुमारे 37.7 लाख परदेशी नागरिक राहत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कामावर नोंदलेले परदेशी 23 लाख होते. टोकियोत रात्री दोन वाजता दुकानात ओनिगिरी घ्यायला गेलात तर काउंटरवर नेपाळी किंवा व्हिएतनामी पोरगा असण्याची शक्यता चांगलीच आहे. कागदोपत्री तो विद्यार्थी असतो आणि त्याला आठवड्याला 28 तास काम करायची परवानगी असते. जपानी सरकार मात्र वर्षानुवर्षं एकच पालुपद आळवत आलंय की आमचं स्थलांतराचं धोरण नाही. माझं भांडण या पालुपदाशी आहे. जपानला माणसं घेतल्याचा तोटा झालेला नाही, घेतोय हे कबूल न केल्याचा झालाय.

गरज का पडली ते आधी बघू. 1949 साली जपानमध्ये जवळपास 27 लाख मुलं जन्मली. 2024 मध्ये 6.86 लाख. 15 ते 64 वयाची माणसं 1995 च्या सुमारास 8.7 कोटी होती, आता 7.4 कोटींच्या आसपास आहेत. 2024 या एकाच वर्षात जपानी नागरिकांची संख्या 9 लाखांहून जास्त घटली. सोलापूर शहर 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं होतं, म्हणजे वर्षाला जवळपास एक सोलापूर पुसलं जातंय. 2023 च्या पाहणीत देशभर 90 लाख घरं रिकामी सापडली.

पेन्शनचा हिशोब यातच अडकतो. आज कामावर असलेल्याच्या पगारातून कापलेला पैसा आजच्याच म्हाताऱ्याला जातो. कापायला पगार कमी आणि घ्यायला हात जास्त, मग एकतर हप्ता वाढवा, नाहीतर पेन्शन कमी करा, नाहीतर कर्ज काढा. जपानने तिन्ही केलंय.

"रोबो लावतील की!" हे आपल्या इंजिनियर मंडळींचं आवडतं उत्तर. लावलेच आहेत, आपल्या कितीतरी आधी. रोबो वेल्डिंग झकास करतो. पण 88 वर्षांच्या आजोबांना रात्री तीन वाजता उठवून बाथरूमला नेणं अजून तरी माणसाचंच काम आहे. शिवाय रोबो भाड्याने घर घेत नाही, केस कापायला जात नाही, त्याची पोरं गावातल्या शाळेत जात नाहीत. (रोबोच्या मालकाच्या नफ्यावर कर लावता येतो, मान्य. पण बंद पडत चाललेल्या गावातल्या न्हाव्याला त्याचा काय उपयोग?)

असो. तर जपानने काय केलं? पुढचं दार बंद ठेवून मागची दारं उघडली.

पहिलं दार 1990 चं. कायदा बदलून ब्राझील-पेरूत गेलेल्या जपान्यांच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या वंशजांना येऊ दिलं. रक्त आपलंच आहे, गुपचूप मिसळून जातील, असा विचार. ही मंडळी पोर्तुगीज बोलत हामामात्सु, ओइझुमीसारख्या ठिकाणी गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत लागली, तीही बरीचशी कंत्राटदारामार्फत. 2007 च्या सुमारास एकट्या ब्राझिलियनांचा आकडा 3 लाखांच्या वर होता. मग 2008 ची मंदी आली. 2009 मध्ये सरकारने योजना काढली: बेकार झाला असाल तर माणशी 3 लाख येन आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचे 2 लाख येन घ्या आणि घरी जा. अट अशी की त्याच व्हिसावर परत यायचं नाही. वीस हजारांहून जास्त लोक गेले. ज्यांना कारखाना माहीत झाला होता, थोडीफार भाषा येत होती, ज्यांची पोरं तिथल्या शाळेत होती, अशा माणसांना पदरचे पैसे देऊन घालवलं! 2013 मध्ये मजूर मिळेनात तेव्हा ती अट सैल केली. तयार टीम काढून टाकायची आणि चार वर्षांनी फ्रेशर शोधत फिरायचं, असला कारभार आपल्या एखाद्या मॅनेजरने केला असता तर आपण त्याला कॅण्टीनमध्ये किती शिव्या घातल्या असत्या!

दुसरं दार 1993 चं, आणि हे जास्त वाईट. नाव काय, तर तांत्रिक प्रशिक्षण योजना. गरीब देशांतल्या तरुणांनी यायचं, जपानी कौशल्य शिकायचं आणि परत जाऊन देशाची प्रगती करायची. प्रत्यक्षात काय शिकायचं? कोबी काढणं, मासे साफ करणं, शर्टांच्या कॉलरी शिवणं, परांची बांधणं. पगार किमान वेतनाच्या आसपास आणि स्वतःहून मालक बदलायची मुभा नाही. व्हिएतनामहून येणारे कितीतरी जण दलालाला द्यायला कर्ज काढून येतात. बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर बांधला जातो, तेच इथे विमानाचं तिकीट काढून. 2023 या एका वर्षात 9,700 हून जास्त प्रशिक्षणार्थी कामावरून पळून गेले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा मानवी तस्करीवरचा अहवाल वर्षानुवर्षं या योजनेवर ताशेरे ओढतोय. 2024 च्या अखेरीस या योजनेत साडेचार लाख माणसं होती.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा घेऊ, कारण तो नुसता द्वेषाचा नाही. ते म्हणतात, स्वस्त मजूर मिळाला की मालक मशीन घेत नाही, बुडायला हवा तो कारखाना तगून राहतो आणि स्थानिकांचा पगार वाढत नाही. जपानच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण पगार दबतो तो कशाने?

माझ्या पहिल्या नोकरीत (नाव नको) दोन वर्षांचा बॉण्ड होता आणि ओरिजिनल मार्कशीटा कंपनीच्या तिजोरीत. त्या दोन वर्षांत आमच्या बॅचमधल्या कुणीही पगारवाढीचा 'प' काढला नाही. बॉण्ड संपल्यावर महिन्याभरात निम्मी पोरं दुसरीकडच्या ऑफर घेऊन मॅनेजरपुढे उभी होती आणि काहींचा पगार तिथल्या तिथे वाढला. माणसं तीच, काम तेच. फरक एवढाच की आता आम्ही जाऊ शकत होतो.

व्हिएतनामी पोराचं नेमकं तेच आहे. शेजारच्या कारखान्यात तासाला शंभर येन जास्त मिळत असतील तरी तो जाऊ शकत नाही. मग त्याचा मालक का वाढवेल? आणि त्याचा वाढला नाही तर शेजारी उभ्या जपानी कामगाराचा तरी का वाढेल? पगार पाडणारी गोष्ट माणसाचा पासपोर्ट नव्हे, त्याचा बॉण्ड आहे. "स्थानिकांचं रक्षण" म्हणून घातलेली बेडी स्थानिकांच्याच पायात अडकते. ज्याला परदेशी मजुराने पगार पाडू नये असं मनापासून वाटतं, त्याने त्या मजुराला नोकरी बदलायचा हक्क सगळ्यात आधी मागायला हवा. हे मागताना कुणी दिसत नाही.

2019 मध्ये जपानने तिसरं दार काढलं, 'विशिष्ट कौशल्य' व्हिसाचं. पंतप्रधान आबे तेव्हाही सांगत होते की हे स्थलांतर धोरण नव्हे. यातल्या पहिल्या प्रकारात पाच वर्षं राहायचं आणि बायकापोरं आणायची नाहीत. आता तुलना करा. तुमच्या-माझ्यासारखा इंजिनियर गेला तर बायको नेता येते, नोकरी बदलता येते आणि गुणांच्या तक्त्यात 80 भरले तर वर्षभरात कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. ज्याच्याविना म्हाताऱ्यांचं अडतं त्याला एकट्याने राहायचं, आणि ज्याला बंगळुरातूनही काम करता येतं त्याला सहकुटुंब स्वागत. आणि ज्या देशात जन्मच होत नाहीत तो विशी-तिशीतल्या जोडप्यांना सांगतो की एकेकटे या!

दरम्यान बाजार बदललाय. 2012 मध्ये डॉलरला 80 येन पडायचे, जुलै 2024 मध्ये 160 च्या वर गेले. घरी पाठवायचा पैसा असा आटला, तर व्हिएतनामी पोरगा कोरिया किंवा तैवानचा विचार करणारच. कोरियाने 2004 पासूनच सरकार ते सरकार भरती सुरू करून दलालाचा हात आखडला. जपानला हे शहाणपण उशिरा सुचलं. जून 2024 मध्ये प्रशिक्षण योजना गुंडाळायचा कायदा झाला. 2027 पासून नवी योजना, त्यात एक-दोन वर्षांनी, परीक्षा वगैरे देऊन, त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. ट्रक आणि बस चालवायलाही 2024 पासून परदेशी चालतात, कारण चालक मिळत नाहीत. आणि जुलै 2025 च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'आधी जपानी' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने 14 जागा जिंकल्या. सरकार तीस वर्षं लोकांना सांगत होतं की कुणी येत नाहीये, आणि लोकांना दुकानात, शेतात, इस्पितळात रोज माणसं दिसत होती. खरं-खोटं करणारा कुणीतरी उपटणारच होता.

"मग आपल्याला काय त्याचं?" आहे ना. ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपानने ठरवलं की पाच वर्षांत भारतातून 50,000 कुशल माणसं तिकडे जातील. त्यात आपली मराठी पोरंही असणार. जाणाऱ्याने येनमधल्या पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मालक बदलता येतो का, बायको नेता येते का, आणि दलाल किती घेतो.

आणि दुसऱ्या टोकालाही आपणच आहोत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 होता. लोकसंख्या टिकायला 2.1 लागतो. आपली मेट्रो, आपल्या सोसायट्या कुणी बांधल्या ते स्लॅबवर चालणाऱ्या भाषेवरून कळतं. त्यांनाही आपण पाहुणेच धरतो. मे 2020 मध्ये ही माणसं हायवेवरून चालत गावी निघाली. पुढे काही महिन्यांतच देशभरातले कंत्राटदार त्यांनाच परत आणायला बसगाड्या पाठवत होते, काही तर विमानाची तिकिटं काढून देत होते.