पाण्यातला प्रबळगड

मुलांनो, खडूंची पेटी काढा आणि पुस्तकांना घालतो तो खाकी कागदही घ्या. आज पाणी काढायचंय. पण निळा खडू लगेच उचलू नका हं!

पनवेलहून पळस्पे फाटा ओलांडला, की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कोन गाव लागतं. जुलैत चिखलणी झाली, की इथली भातखाचरं पाण्यानं भरून जातात. लांबवर प्रबळगड दिसतो. अलीकडे उंच इमारती आहेत. तिथल्या घरांसाठी २०१६ साली गिरणी कामगारांची सोडत निघाली होती. मी बांधावर उभा राहून हे सगळं काढलं. वर डोंगर काढला, मग कागद उलटा धरून तोच डोंगर तसाच्या तसा पाण्यात काढला. झकास जमलं, असं वाटत होतं. तेवढ्यात म्हशींमागून चाललेला एक मुलगा थांबला, असेल चौथीतला. म्हणाला, "काका, पाण्यात एवढा डोंगर कुठाय?"

पाहतो तर खरंच! पाण्यात डोंगराचा नुसता माथा होता. बाकीचा पलीकडच्या बांधानं आणि झाडांनी झाकला होता.

असं का? घरी करून बघा. टेबलावर आरसा आडवा ठेवा. पलीकडच्या कडेला काडेपेटी उभी करा आणि तिच्या दोन विती मागे पाण्याची बाटली. ताठ बसून बघितलंत तर आरशात काडेपेटी दिसेल, बाटली नाही. आता हनुवटी टेबलाला टेकवा. हळूच बाटलीचं डोकं वर येईल! तुमचा डोळा पाण्याच्या वर जितका उंच, तितकाच खाली दुसरा डोळा आहे असं समजा. प्रतिबिंब दिसतं ते त्या खालच्या डोळ्याला. त्याच्यासमोर जवळचा बांध उंच होतो आणि लांबचा डोंगर त्याच्याआड जातो. मी बांधावर उकिडवा बसलो, तर पाण्यातला प्रबळगड वाढला की!

आता रंग. पायाजवळ पाण्यातून चिखल दिसतो, म्हणून तिथं तपकिरी. लांबच्या पाण्यात आकाश जास्त, म्हणून तिथं पावसाळी राखाडी. झाडाची गर्द सावली पाण्यात थोडी फिकी दिसते, कारण गढूळपणा तिच्यात मिसळतो. इमारतीची पांढरी भिंत मात्र पाण्यात जरा मळकट करा. निळा खडू? त्या दिवशी मला तो लागलाच नाही.

यासाठी शाळेतले तेलकट खडू नकोत, भुकटी होणारे मऊ पेस्टल हवेत. पालकांनो, मोठी पेटी नको, सुटे सात-आठ रंग पुरतात. कागदाची खरखरीत बाजू वर घ्या. खडू आडवा धरून प्रतिबिंबाचे रंग वरून खाली ओढा आणि बोटानं एकदाच, अगदी हलकेच पुसा. मग खडूच्या टोकानं चार-पाच तुटक आडव्या रेघा मारा. झालं, पाणी आडवं झालं! त्या रेघांना बोट लावू नका. लागलं तर सगळा चिखल. भुकटी फुंकू नका, नाकात जाते. कागद मागून टिचकी मारून झटका.

रंग न घोटता शेजारी शेजारी ठेवायचे, ही क्लोद मोने आणि त्याच्या मित्रांची रीत. १८७४ साली पॅरिसमध्ये मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राची एका समीक्षकानं टर उडवली, आणि त्यातूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. १९०१ साली तो लंडनला गेला, तेव्हा त्याचं रंगांचं सामान वेळेवर पोचलंच नाही. मग त्यानं पेस्टल घेतले आणि थेम्स नदीवरचा वॉटर्लू पूल काढत बसला.

कोनला जायचं तर चिखलणी झाल्या झाल्या जा. लावणीनंतर थोड्याच आठवड्यांत भात वाढतं आणि पाणी दिसेनासं होतं. मी काढलेल्या खाचरांपैकी एकात तर आता मातीचा भराव पडलाय. तो मुलगा भेटला, तर त्याला चित्र जरूर दाखवा. डोंगर किती काढायचा, ते तो बरोबर सांगेल.