फ्लॉरेन्सजवळचा वाडा

भिंतीवर टांगलेल्या फोटोंकडे घरातले कोणी पाहत नाही. पाहुणे पाहतात. घरची माणसे ते फक्त पुसतात, तेही वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर. आमच्या बैठकीत असाच एक फोटो माझ्या जन्माआधीपासून आहे. त्यात तीन शिपाई उभे आहेत. मधले माझे आजोबा. वय असेल बावीसएक, मिशी नुकतीच धरलेली, आणि चेहऱ्यावर सक्तीने उभे केलेल्या माणसाचा भाव. शिपायांच्या मागे एक मोठी दगडी इमारत आहे आणि तिच्यातून वर गेलेला एक चौकोनी मनोरा. मनोऱ्याच्या माथ्याशी पुढे आलेली दातेरी कड, तीवर पुन्हा एक लहानसा मजला.

"हे कुठले हो?" असे पाहुण्यांनी विचारले की आम्ही बेधडक सांगत असू, "फ्लॉरेन्स. इटलीतले." फोटोच्या पाठीवर आजोबांनी पेन्सिलीने तसे लिहिलेच होते. लढाईच्या काळात पत्रातून गावाचे नाव कळवायची शिपायाला मनाई असे. म्हणून घरी परतल्यावर त्यांनी ते लिहिले असावे. त्यातला शेवटचा शब्द घासून गेला होता. 'फ्लारन्स जव' एवढे वाचता येई, आणि पुढे १९४४. फोटोत शिपाई आहेत तेव्हा तो शब्द 'जवान' असणार, असे माझ्या वडिलांनी ठरवले आणि आम्ही ते मान्य केले. लिहिणारा माणूस त्याच घरात, त्याच बैठकीत, खिडकीपाशी तंबाखू मळत बसलेला असे. त्याला विचारावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

आजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत ते शिपाई होते. या पलटणीचे नाव घेतले की आम्हां मुलांची छाती फुगे. कारण ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीतले. ती हकिगत आजोबा सांगत आणि आम्ही श्वास रोखून ऐकत असू. तिच्यावर आमचा पूर्ण विश्वास होता, कारण ती पुस्तकात छापलेली होती.

त्यांची दुसरी एक गोष्ट मात्र कोठे छापलेली आमच्या पाहण्यात नव्हती. ती अशी :

"डोंगरावर योक मोठा वाडा हुता. आमी आत गेलो तर खोल्या-खोल्यांत तसबिरी रचल्याल्या. भितीला टेकवून उभ्या क्येल्याल्या. देवाच्या, राजांच्या, लढाईच्या. आन् योक तसबीर तर भितीयेवढी. संत्र्याची बाग हाय, गवतात फुलंच फुलं, आन् तिघी बाया हातात हात घालून फेर धरत्यात. आपला भोंडला असतोय का न्हाई, तसा. वर डोळं बांधल्यालं पोरगं धनुष्य घिऊन उडतंय. कडंला योक निळा गडी, भुतावानी, गाल फुगवून. आन् दुसऱ्या कडंला योक जण काठीनं संत्री पाडतोय. मी दोन रात्री पहारा दिला त्या खोलीवर."

घरात या गोष्टीला 'आप्पांचा भोंडला' असे नाव पडले होते. आप्पा म्हणजे आजोबाच. माझी आत्या तर कोणी अवाच्या सवा बोलू लागले की म्हणे, "पुरे आता, भोंडला नको!" यात दुष्टपणा नव्हता. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींना एक ठरावीक हसू असते, ते हे.

या हसण्याचा कळस मी केला. मी तेरा वर्षांचा होतो, वक्तृत्व स्पर्धेत नुकतेच बक्षीस मिळाले होते, आणि घरात पाहुणे होते. आजोबांनी वाड्याची गोष्ट काढली तेव्हा मी म्हणालो, "आजोबा, तोफा चालू असताना इटलीतल्या लोकांनी तुमच्यासाठी चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं का?" सगळे खदखदून हसले. आजोबाही हसले. तळहातावरची तंबाखू झाडून म्हणाले, "ऱ्हायलं, बाळा." त्यानंतर ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. १९९५ साली ते गेले.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो फोटो माझ्या हातून पडला आणि काच फुटली. माझी धाकटी मुलगी कॉलेजात आहे. तिने फोटो चौकटीतून सोडवला, भिंगाखाली धरला आणि विचारले, "बाबा, फ्लॉरेन्समध्ये ही इमारत नेमकी कुठे आहे?"

मला आनंद झाला. कारण उत्तर मला येत होते. फ्लॉरेन्सचा पालात्सो वेक्किओ, म्हणजे जुना राजवाडा, मी चित्रांतून पाहिलेला होता. १२९९ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याचा चौकोनी मनोरा ९४ मीटर उंच आहे आणि माथ्याशी अशीच दातेरी कड आहे. मी विजयी मुद्रेने पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवले. तिने पुस्तक आणि फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मनोरा तसाच आहे. पण मग हे झाड कसं?"

फोटोत डाव्या अंगाला सुरूचे उंच झाड होते. शिपायांच्या पायाखाली माती होती आणि जमीन एका बाजूला उतरत गेली होती. पालात्सो वेक्किओसमोर तर शहरातला मोठा फरसबंदी चौक आहे. तिथे सुरू नाही, उतार नाही, माती नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि ते झाड मी कधी पाहिले नव्हते. मनोरा ओळखीचा निघाला की माणूस झाडाकडे पाहत नाही.

जुन्या युद्धकाळातल्या फोटोंची ठिकाणे हुडकण्याचे वेड जगात पुष्कळांना आहे, हे मला या निमित्ताने कळले. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १८ एप्रिल १९४५ रोजी रॉबर्ट कापा या प्रसिद्ध छायाचित्रकाराने एका घराच्या सज्जात मशीनगन चालवणाऱ्या तरुण अमेरिकन सैनिकाचा मृत्यू टिपला. ते फोटो जगभर गेले. घर मात्र मागे राहिले, पडीक झाले आणि पाडायच्या बेतात आले. फोटोतले घर ते हेच, हे ध्यानात असलेल्या नागरिकांनी २०११ साली चळवळ सुरू केली. घर वाचले. आज ते कापाच्या नावाने ओळखले जाते, आणि जवळच्या रस्त्याला त्या सैनिकाचे, रेमंड बोमनचे, नाव दिले आहे. या कामात भव्य गोष्टींचा उपयोग कमी. छपराची कड, खिडक्यांमधले अंतर, सावली कोणीकडे पडली आहे, असल्या बारक्या खुणाच साक्ष देतात.

आमची साक्ष फोटोच्या पाठीवर होती. मुलीने उजेड तिरका पाडून तो पुसट शब्द वाचला. शिसे उडून गेले होते, पण कागदावर पेन्सिलीचा दाब उरला होता. "बाबा, 'जवान' नाही हे," ती म्हणाली. "'जवळ' आहे."

फ्लॉरेन्सजवळ. गेली वीस वर्षे मी वर्गात शब्दयोगी अव्यये शिकवतो. 'जवळ' हे त्यांतले अगदी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचे उदाहरण. आजोबांनी इतके अचूक लिहिले होते, आणि घरातल्या एम.ए.ला ते वाचता आले नव्हते.

पुढचा शोध दोन संध्याकाळींत संपला. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला वीसेक किलोमीटरवर, टेकडीवर, मॉन्तेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. आच्चायुओली या घराण्याचा तो मूळचा वाडा. त्यांच्यापैकी एकाने १३८६ साली तिथे मनोरा उभारला आणि त्यासाठी नमुना घेतला तो पालात्सो वेक्किओच्या मनोऱ्याचा. म्हणजे मी फसलो तो अगदीच गाढवपणाने नव्हे. त्या मनोऱ्याने फसवावे म्हणूनच त्याची घडण होती. मुलीने त्या वाड्याची जुनी-नवी छायाचित्रे जमवली. मनोऱ्यातल्या खिडक्यांची जागा, खालच्या इमारतीची उंची, उतार, सुरूची झाडे, सगळे आमच्या फोटोशी जुळले.

मी म्हणालो, "चला, सापडला." आणि वाड्याची हकिगत वाचायला घेतली. वाचता वाचता माझे हात थंड पडत गेले.

हा वाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या सिटवेल घराण्याने विकत घेतला होता. महायुद्ध सुरू झाल्यावर फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रे बाँबपासून वाचावीत म्हणून खेड्यापाड्यांतल्या वाड्यांतून हलवण्यात आली. मॉन्तेगुफोनीत अशी सुमारे अडीचशे चित्रे आली, आणि तीही कोणाची? चिमाबुए, जोत्तो, उच्चेल्लो! लढाई जवळ येत चालली तशी आधी जर्मन सैनिकांनी त्या वाड्यात मुक्काम ठोकला. चित्रांच्या काळजीने उफ्फीत्सी संग्रहालयाचे ग्रंथपाल चेझारे फाझोला हे फ्लॉरेन्सहून पायी चालत तिथे आले आणि चित्रांपाशी राहिले. जर्मन मागे हटले. जुलै १९४४च्या अखेरीस आठव्या इंडियन डिव्हिजनची फौज तिथे पोचली. वाड्यात जी पलटण उतरली ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली.

त्याच दिवसांत स्कॉटिश लेखक एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड व्हॉन टॉमस त्या पलटणीला भेटायला गेले, आणि भिंतींना टेकवून ठेवलेली चित्रे पाहून चक्रावले. आपण ज्यांच्यासमोर उभे आहोत त्या खऱ्याखुऱ्या मूळ कृती आहेत, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्यात बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा', म्हणजे 'वसंत', हे चित्र होते. ते जवळजवळ दोन मीटर उंच आणि तीन मीटरांहून अधिक रुंद आहे. कोणी पाहत नाही असे बघून आपण त्या चित्रातल्या स्त्रियांचे चुंबन घेतले, असे लिंकलेटरने पुढे मोकळेपणाने लिहून टाकले. लेखकाने असे काही लिहिले की ते साहित्य होते. शिपायाने सांगितले तर भोंडला!

मुलीने 'प्रिमावेरा' संगणकाच्या पडद्यावर आणले. मी आत्याला हाक मारली. तिचे वय आता सत्त्याहत्तर. ती हात पुसत आली आणि चष्मा लावून पडद्यासमोर बसली.

संत्र्याची बाग होती. गवतात फुलेच फुले होती. तिघीजणी हातात हात गुंफून फेर धरत होत्या. वर डोळे बांधलेला कामदेव धनुष्य ताणून उडत होता. उजव्या कडेला निळसर अंगाचा वायुदेव गाल फुगवून आला होता. आणि डाव्या कडेला बुध हा देव हातातला दंड वर करून उभा होता. जाणकार म्हणतात, तो ढग बाजूला सारतो आहे. पण सातारकडचा कोणताही शेतकरी सांगेल की हा माणूस काठीने संत्री पाडतो आहे.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने त्या काठीवाल्यावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाली, "आप्पांनी याचं तोंड कुणीकडे होतं तेही सांगितलं होतं रे. बागेकडे पाठ, म्हणायचे." आणि ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज मात्र आतून आला नाही.

आता हिशेबाने बोलायचे तर आमच्या फोटोने एवढेच सिद्ध होते की, आजोबा त्या वाड्यासमोर उभे होते. दोन रात्री त्यांनी त्याच खोलीवर पहारा दिला की नाही, हे कोणता फोटो सांगणार? पण एवढे पारखून घेतल्यावर त्या दोन रात्रींचा पुरावा मागायची माझी छाती होत नाही. जो माणूस झाड, काठी, निळा गडी आणि 'जवळ' हे सगळे बिनचूक सांगतो, त्याच्या शब्दावर एकदा तरी विश्वास टाकायला नको का?

आणि खरी बोच निराळीच आहे. इमारत ओळखायला आम्हांला भिंग लागले, पुस्तके लागली, संगणक लागला, आणि आजोबांना जाऊन तीस वर्षे लोटावी लागली. ते बैठकीत बसलेले असताना "आजोबा, हे कुठलं?" एवढा तीन शब्दांचा प्रश्न पुरला असता. त्यांनी सांगितलेही असते. सांगतच तर होते!

फोटोला नवी काच बसवली आहे. मागचे अक्षर झाकले जाऊ नये म्हणून मुलीने पाठीलाही काचच लावून घेतली. खाली एक पट्टी चिकटवायची ठरली, तेव्हा घरात तिचा मजकूर लिहायचे काम अर्थातच मराठीच्या प्राध्यापकाकडे आले. मी चार मसुदे केले, चारही फाडले. शेवटी आजोबांचेच शब्द उतरून काढले : फ्लारन्स जवळ, १९४४.

या लक्ष्मीपूजनाला आत्या आमच्याकडेच होती. पाहुण्यांपैकी एकाने फोटोकडे पाहून विचारले, "हे कुठले हो?" मी तोंड उघडणार तोच आत्या म्हणाली, "बसा. मोठी गोष्ट आहे." आणि तिने ती पहिल्यापासून सांगितली, आप्पांच्या बोलीत, निळ्या गड्यासकट. कोणीही हसले नाही.