वर्गणीतला पैसा कुठे जातो?



गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील मुलांनी कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेसाठी वर्गणी गोळा केली. संस्थेने आपल्या खर्चाचे पत्रक पाठवले होते. ते वाचून प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. चांगलाच रागावला होता. "सर, यात औषध कुठेच नाही! काचसामान, टपाल, नोंदणी, संख्याशास्त्र... यापेक्षा हे पैसे गावातल्या एखाद्या रोग्याच्या शस्त्रक्रियेला दिले असते तर?"

त्याचा प्रश्न मला रास्त वाटला. दारात उभ्या असलेल्या रोग्याला नको म्हणा, असे मी कोणालाही सांगणार नाही. पण पत्रकातल्या ज्या बाबींवर तो चिडला होता, त्यांच्याविषयी माझे मत अगदी उलट आहे. ते पटवून देण्यासाठी तुम्हाला अमेरिकेतील एक जुनी हकिकत सांगतो.

१९३८ साली अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध लढण्यासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. ते स्वतः पायांनी पंगू झाले होते. एडी कँटर या विनोदी नटाने रेडिओवरून लोकांना आवाहन केले, की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट अध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावे. नाण्यांची पाकिटे पोत्यांनी येऊन पडली. त्या पहिल्याच मोहिमेत २६ लाखांहून अधिक नाणी जमली, असे सांगतात. या वर्गणीला 'मार्च ऑफ डाइम्स' हे नाव पडले आणि ती पुढे दरवर्षी होऊ लागली. भित्तिपत्रकांवर कुबड्या घेतलेली गोजिरवाणी मुले असत. जमलेल्या पैशांचा मोठा भाग अशा मुलांच्या उपचारावरच खर्च होई, हेही लक्षात ठेवा.

उरलेला पैसा कुठे गेला? त्यातला काही बॉस्टनमध्ये जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्यांचे सहकारी टॉमस वेलर १९४८ साली कांजिण्यांचा विषाणू वाढवण्याच्या खटपटीत होते. काही परीक्षानळ्या उरल्या, म्हणून त्यांनी शीतपेटीत पडून असलेला पोलिओचा विषाणू त्यांत घातला. हा विषाणू फक्त मज्जातंतूंच्या ऊतींत वाढतो, अशी तोवर समजूत होती. तो दुसऱ्या ऊतींतही वाढला! एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच शोधाबद्दल, आणि लस मुबलक बनवता येईल अशी आशा निर्माण झाली तीही यामुळेच. विचार करा, कोणा मुलाने पाठवलेल्या नाण्यातून काही परीक्षानळ्या आल्या आणि त्या कांजिण्यांच्या प्रयोगातल्या उरलेल्या होत्या. हिशेबाच्या कागदावर हे कसे दिसले असते?

पण खरा खर्चाचा भाग पुढेच आहे. पिट्सबर्गच्या जोनास साल्क यांनी मारलेल्या विषाणूची लस तयार केली. ती उपयोगी आहे हे ठरवायचे कसे? इथे थोडे गणित करू. त्या वेळी लस न घेतलेल्या एक लाख मुलांत एका हंगामात सुमारे ५७ जणांना पोलिओचा पक्षाघात होत असे. तुमच्या शाळेत हजार मुले असतील, तर शाळेमागे जेमतेम अर्धे मूल! मग एका शाळेला लस दिली आणि दुसरीला दिली नाही, तर बहुधा दोन्हीकडे शून्यच येणार. त्यावरून काय कळणार? काहीच नाही.

म्हणून १९५४ साली सुमारे १८ लाख मुलांना चाचणीत घ्यावे लागले. त्यातल्या एका भागात तुलना फार काटेकोर होती. निम्म्या मुलांना लस टोचली आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, पण विषाणू नसलेले द्रव. कोणाला काय मिळाले हे मुलांना ठाऊक नव्हते, टोचणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. बाटल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते. आजारी पडलेल्या मुलांचे स्नायू तपासले, रक्ताचे व विष्ठेचे नमुने घेतले, सगळे कागदावर नोंदले. लस मिळालेल्या २,००,७४५ मुलांपैकी ३३ जणांना पक्षाघात झाला. न मिळालेल्या २,०१,२२९ मुलांपैकी ११५ जणांना. लसीवरचा विश्वास उभा राहिला तो या दोन आकड्यांच्या फरकावर, आणि ते मिळवायला लागले टपाल, कारकून आणि संख्याशास्त्रज्ञ!

१२ एप्रिल १९५५ रोजी निकाल जाहीर झाला. त्यानंतर घाईघाईने लस बाजारात आली आणि एका कंपनीच्या काही साठ्यांत विषाणू जिवंत राहून गेले. शंभरावर माणसांना पक्षाघात झाला, १० दगावली. तपासणीवरचा खर्च ज्यांना वायफळ वाटतो, त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

तुम्ही लहानपणी तोंडात घेतलेले दोन थेंब आल्बर्ट सेबिन यांच्या लसीचे. त्यांच्या संशोधनालाही याच नाण्यांतून मदत झाली होती. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. पहिल्या नाण्यापासून मोजले तर ७३ वर्षे झाली.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. वर्गात डबा फिरवताना मुलांना फक्त कुबड्यांचे चित्र दाखवू नका. दयेपोटी पैसा लवकर जमतो हे खरे, पण मग मूल पुढच्या वर्षी 'औषध निघाले का?' असे विचारते आणि नाही म्हटले की डब्याकडे पाठ फिरवते. हिशेब मागायला मात्र जरूर शिकवा. संशोधनाच्या नावावर कोणी काहीही खपवू नये.

आमच्या मुलांनी अखेर दोन तृतीयांश रक्कम गावातल्या एका रोग्याच्या शस्त्रक्रियेला दिली आणि उरलेली संस्थेला. तो चिडलेला विद्यार्थी सोबत पत्र जोडायला विसरला नाही. किती रुग्णांची नोंद ठेवणार? किती वर्षे? तुलना कोणाशी करणार? उत्तर चार पानांचे आले. ते आम्ही प्रयोगशाळेबाहेरच्या फलकावर लावले आहे.