तळीराम, रसिक आणि शिफारसीचा अधिकार

स्वतःच्या मायक्रोब्रूअरीत बीअर बनवणारा एखादा कारागीर द्राक्षाच्या वाईनविषयी बोलू लागला, अमुक बाटली घ्या, तमुक घेऊ नका, असा जाहीर सल्ला देऊ लागला, की आमच्या कोल्हापुरातील साहित्यप्रेमी मंडळींच्या कपाळावर दोन आठ्या पडतात. पहिली नीतीची : दारूची भलामण कसली करता? दुसरी अधिकाराची : बीअरवाल्याला वाईनमधले काय कळते? आम्हांला दोन्ही अमान्य आहेत.

नीतीचा आक्षेप हलका नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील सिंधूचे हाल खोटे नव्हते, आणि पुष्कळ घरांतून ते आजही संपलेले नाहीत. पण त्या नाटकाने आपल्याला एक सवयही लावली : मद्याविषयी बरे बोलेल तो तळीरामच, आणि त्याची जागा आर्यमदिरामंडळात, असे आपण धरून चाललो. परिणाम भाषेवर झाला. परमिट रूम, ड्राय डे, देशी, विदेशी, सरकारमान्य : मद्याविषयीचा आपला शब्दसंग्रह अबकारी खात्याने घडवला. 'वाईन शॉप' अशी पाटी मिरवणाऱ्या दुकानात फळ्या व्हिस्की-रमने भरलेल्या आणि वाईन बिचारी कोपऱ्यात! २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही वाद रंगला तो वाईन ही दारू की नव्हे, यावर. तिची चव कशी, हा प्रश्न कोणाला सुचला नाही.

कायद्याला मात्र एक भेद फार पूर्वी कळला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मादक पेयाची नुसती प्रशंसा करणेही निषिद्ध ठरवले होते. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रशंसेपुरती ती बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येणारी म्हणून रद्द केली. पिण्यासाठी गळ घालण्यावरची बंदी राहू दिली. प्रशंसा निराळी आणि गळ घालणे निराळे. समीक्षा आणि जाहिरात यांतला विवेक तरी याहून वेगळा काय आहे?

आता अधिकाराविषयी. जवातील स्टार्च आधी साखरेत उतरवावा लागतो, द्राक्षात साखर आयतीच असते. पण पुढे दोन्हीकडे काम यीस्टचेच. आंबवण कुठे बिघडले, हे बीअरवाल्याला वासावरून कळते. शिवाय ज्या वाईनची तो वाखाणणी करतो ती त्याची नसते. कवीने दुसऱ्याच्या कादंबरीवर लिहावे, तसे हे. आपण मात्र आपल्याच कंपूतील कवीच्या संग्रहाला पाठराखण लिहितो, पुढे त्याचेच परीक्षण करतो, आणि वर त्याला समीक्षा म्हणतो. मग गिऱ्हाईक ओढणारा कोण, तो की आपण?

त्याच्यावर आमच्याही अटी आहेत. फुकट आलेली बाटली फुकट आली, असे त्याने आधी सांगावे. न आवडलेलीचेही नाव घ्यावे. न पिणाऱ्यालाही रस वाटेल असे बोलावे. आणि मराठीत बोलावे. परदेशी पुस्तकांतल्या 'ब्लॅककरंट'चा जप करण्यापेक्षा द्राक्षाच्या सालीबियांतून उतरलेला तुरटपणा जांभळाने समजावावा, आंबटपणा कैरीने. गुळाचा खडा जिभेवर ठेवून ढेपेची प्रत सांगणारे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरून हमरीतुमरीवर येणारे हे गाव आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात द्राक्षांचे मळे आहेत, पलूसला वाईन पार्क उभारले गेले. तरीही वाईनचा पेला समोर आला की आम्ही मुके! हे मौन सोवळेपणाचे नसून शब्दांच्या दारिद्र्याचे आहे, असा आम्हांला दाट संशय आहे.

रस, रुची, आस्वाद, चर्वणा : हे सारे शब्द साहित्यविचाराने जिभेकडूनच उसने घेतले. भरतानेही नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टांत दिला. चवीविषयी जबाबदारीने बोलणाऱ्या कारागिराला 'तुझा अधिकार काय?' असे विचारण्यापूर्वी साहित्याच्या अध्यापकांनी ही उसनवारी एकदा आठवावी.