अॅव्हरेजचा आकडा आणि खिशातले पैसे

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात टाकतानाच पहिला प्रश्न येतो, "अॅव्हरेज किती देते?" माझी हायब्रिड २०२३ च्या दसऱ्याला आली. तेव्हापासून या प्रश्नाला मी "शहरात २२" असं खरं उत्तर देतो आणि समोरच्याचे डोळे चमकतात. परवा साताऱ्याच्या दादाचा फोन आला. तो आता रिटायर झालाय. "तू म्हणतोस ना २२, मग मीही तीच घेतो. फंडाचे पैसे आलेत." तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे, कारण माझं २२ हे दादाच्या कामाचं नाही.

आधी गाडीबद्दल थोडं. मारुतीची ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रिड. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी. ही बॅटरी केवढी? ०.७६ किलोवॅट-अवर, म्हणजे घरच्या मीटरवरचं पाऊण युनिट! प्लग वगैरे काही नाही. ब्रेक मारला किंवा पाय उचलला की जी ताकद एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते, त्यातली थोडी वीज होऊन परत येते. सिग्नलला इंजिन बंद, गर्दीत रांगताना बराच वेळ मोटरवर. याच गाडीचं 'माइल्ड हायब्रिड' मॉडेलही मिळतं. त्यातली मोटर इंजिनाला फक्त हात लावते, एकटी गाडी ओढत नाही. दोन्हींत 'हायब्रिड' शब्द असल्याने लोक फसतात, म्हणून सांगितलं.

कागदावरचा आकडा आहे लिटरला २७.९७ किमी. असे आकडे रस्त्यावर ठरत नाहीत. प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून गाडी पळवतात. त्या चाचणीत वेग ९० च्या वर जात नाही. मे महिन्यात एसी लावून हिंजवडीच्या रांगेत उभं राहणं त्यात बसत नाही. तरी २२ मिळतात, मला तक्रार नाही.

पण गंमत बघा. लिटरला किती किमी हा आकडाच जरा लबाड आहे. वर्षाला १०,००० किमी धरा. एक जुनी गाडी १० देते, ती बदलून १२ देणारी घेतली. पेट्रोल १००० लिटरवरून ८३३ वर आलं, १६७ लिटर वाचले. दुसऱ्याने २० देणारी बदलून थेट २८ देणारी घेतली. ५०० वरून ३५७, वाचले १४३ लिटर! म्हणजे दोनने वाढलेलं अॅव्हरेज आठने वाढलेल्यापेक्षा जास्त पेट्रोल वाचवतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स' मासिकात नेमका हाच गोंधळ मांडला होता. युरोपात १०० किमीला किती लिटर असं मोजतात, त्यात हा घोळ होतच नाही. आपल्याकडेही शोरूममध्ये तसंच लिहायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माझा हिशेब. सिंहगड रोड ते हिंजवडी जाऊन-येऊन, शिवाय सुट्टीची फिरस्ती, मिळून वर्षाला १५,००० किमी. त्याच आकाराची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आमच्या वाहतुकीत १२ देते (ऑफिसात दोघांकडे आहेत, विचारून घेतलंय). तिला लागतील १२५० लिटर, माझ्या गाडीला ६८२. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला साठ हजार वाचतात. घेताना फरक पडला अडीच लाख. म्हणजे चार वर्षांच्या थोडं पुढे वसूल. तेवढ्याच रकमेचं पाच वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी काढलं, तर व्याजाचे साठेक हजार आणखी, म्हणजे पाच वर्षं. गाडी महाग म्हणून विम्याचा हप्ताही थोडा चढा. ब्रेक पॅड मात्र कमी झिजतात, आणि बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे. एकूण माझं गणित जमतं. जमतं ते गर्दीमुळे!

दादाचं काय? तो वर्षाला ५,००० किमी चालवणार, तेही बहुतेक हायवेला. तिथे ब्रेक कमी, म्हणून परत येणारी वीजही कमी. खंबाटकी उतरताना बॅटरी भरते खरी, पण पाऊण युनिट मावलं की संपलं. हायवेला १०० च्या वेगाने मला २१ मिळतात, साधीला १६ धरा. ३१२ लिटर विरुद्ध २३८. वर्षाची बचत ७४ लिटर, म्हणजे पावणेआठ हजार रुपये. अडीच लाख वसूल व्हायला बत्तीस वर्षं! आणि तेच अडीच लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले, तर व्याजच साडेसतरा हजार येतं. म्हणजे दादाने 'बचत' करायला जाऊन दरवर्षी जवळजवळ दहा हजार घालवायचे.

"पण पर्यावरण?" असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझ्याकडून वर्षाला १३०० किलो कमी जातो, दादाकडून जेमतेम १७०. त्याने आठवड्यातून दोनदा बाजारात चालत जायला सुरुवात केली, तरी त्यात चांगली भर पडेल. शिवाय गुडघ्यांनाही बरं.

हायब्रिड वाईट आहे असं मुळीच म्हणत नाहीये. रोज तासभर गर्दीत अडकणाऱ्याला, आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवणाऱ्याला ती उत्तम. शांत चालते, दमवत नाही, त्याचीही किंमत असते. हौस म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, हौसेला मोल नसतं. फक्त हौसेला बचतीचं नाव देऊ नका, आणि आयुष्यभराची पुंजी त्या नावाखाली मोडू नका.

दादा, शोरूममध्ये जायच्या आधी जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या काढ. त्यावर किमी लिहिलेले असतात. वर्षाला खरंच किती फिरतोस ते बघ आणि मला फोन कर. मग आपण दोघं बसून ठरवू.