ओसाड वास्तू आणि मुक्त बिनतारी जाळे

ओस पडलेल्या वास्तूंविषयी आपल्या वाङ्मयात हळहळ पुष्कळ आढळते. त्यांच्या उपयोगाचा विचार क्वचितच. अशा इमारतींच्या छपरांवर लोकांच्या मालकीची बिनतारी जाळी उभारावीत ही कल्पना वरकरणी अभियंत्यांची वाटेल. परंतु लहान भाषांच्या भवितव्याशी तिचा निकटचा संबंध आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तिची दखल घ्यावयास हवी.

या संदर्भात बर्लिनचा इतिहास बोधप्रद आहे. १९८९ मध्ये भिंत कोसळली तेव्हा पूर्व बर्लिनमधील कितीतरी घरे रिकामी होती. कलावंतांनी व तरुणांनी त्यांत बिऱ्हाडे थाटली. पुनरेकीकरणानंतर तेथील काही वस्त्यांत काचतंतूंच्या तारा घातल्या गेल्या आणि, गंमत अशी की, ही नवी व्यवस्थाच पुढे अडचण ठरली. तांब्याच्या तारांवरून इतरत्र मिळणारी वेगवान इंटरनेट सेवा या वस्त्यांना मिळेना. २००२ च्या सुमारास आरंभ झालेल्या ‘फ्रायफुंक’ चळवळीला बळ मिळण्याचे हे एक कारण होय. शेजाऱ्याच्या यंत्राकडून आलेला संदेश आपल्या यंत्राने पुढे पोहोचवावयाचा, मध्यवर्ती कचेरी ठेवावयाची नाही, ही तिची रीत. या लहरींना अडथळ्यावाचून सरळ वाट लागते. साहजिकच उंचीला मोल आले. छपरे, चर्चचे मनोरे, नगरभवनांचे माथे कामी आले. नावातील ‘फ्राय’चा अर्थ येथे मोफत नव्हे, मुक्त. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत ही सोयीची गोष्ट. तरीही आपल्याकडील योजनांच्या जाहिरातींत पहिलाच शब्द अधिक ऐकू येतो.

कातालोनियातील ओसोना परगण्यात २००४ साली सुरू झालेले ‘गिफी’ जाळे याच जातीचे. व्यापारी कंपन्यांनी उपेक्षिलेल्या ग्रामीण भागातून ते वाढले आणि त्याची केंद्रे तीस हजारांवर गेली. त्याच कातालान समाजाने २००५ मध्ये आपली भाषा व संस्कृती यांसाठी इंटरनेटवर स्वतंत्र नामक्षेत्र मंजूर करवून घेतले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

भारतात २००५ मध्ये या कामी लागणारा लहरींचा एक पट्टा परवानामुक्त झाला. येथे प्रश्न केवळ बाहेरचे जग गावात आणण्याचा नाही. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. संकलन लोकांसाठी खुले आहे. तथापि खुले असणे आणि हाती येणे या दोन भिन्न गोष्टी होत. मावळ-मुळशीच्या एखाद्या वाडीत छपरावरील यंत्राशेजारी एक लहानसा संगणक ठेवला, तर ज्या घरांत त्या ओव्या जन्मल्या त्या घरांना त्या पैसे न मोजता, बाहेरची जोडणी तुटली असतानाही ऐकता येतील. नव्या ध्वनिमुद्रणांची भर तेथेच पडू शकेल. विद्यापीठांनी मौखिक साहित्य गोळा करावे व शहरात कुलूपबंद करावे, या परिपाठाला हा उतारा आहे.

आक्षेप आहेत, आणि त्यांतील एक खरोखर गंभीर आहे. वास्तूचे ओसाडपण टिकाऊ नसते. बर्लिनच्या ‘टाखेलेस’ या पडक्या इमारतीत कलावंत १९९० मध्ये शिरले. त्यांनी तिला कीर्ती मिळवून दिली, आणि २०१२ मध्ये उरल्यासुरल्यांना बाहेर पडावे लागले. खाजगी मालकाच्या रिकाम्या इमारतीवर जाळ्याचा मुख्य खांब उभारणे म्हणजे जमिनीचा भाव वाढेपर्यंतची उसनवारी होय. त्यापेक्षा पटसंख्येअभावी बंद पडलेली जिल्हा परिषदेची शाळा किंवा चावडीची जुनी इमारत बरी; ती मुळातच सार्वजनिक आहे, आणि तिच्याविषयी लेखी करार करता येतो. वीज तोडलेली असली तरी बिघडत नाही: असे यंत्र काही वॉटवर चालते, लहान सौरपट्टी व विजेरी त्यास पुरते. विजेरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते. तिचा खर्च कोणाच्या खाती पडावा आणि शाळेची किल्ली कोणाकडे राहावी, हे ग्रामसभेने यंत्र चढविण्यापूर्वीच ठरवावयास हवे.