तांदळाच्या शिलकेचा हिशेब

देशात तांदूळ उदंड झाला आहे, अन्न महामंडळाच्या गोदामांत पोते ठेवायला जागा उरलेली नाही, आणि जे खाऊन संपत नाही ते इंधनाच्या कामी लावणे हाच शहाणपणा होय, असे मत अलीकडे इतक्या निःशंकपणे मांडले जाते की, त्याचा प्रतिवाद करू पाहणारा मनुष्य देशाच्या प्रगतीचा द्वेष्टाच ठरावा. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. म्हणून तो प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. १९५०-५१ साली अवघा दोन कोटी सहा लाख टन तांदूळ पिकवणाऱ्या या देशाने २०२४-२५ साली सुमारे पंधरा कोटी टनांची मजल गाठली. १ जुलै रोजी सरकारजवळ सुमारे १३५ लाख टन तांदूळ असावा असा निकष असता, २०२५ साली त्या दिवशी त्याच्या अडीचपटींहून अधिक साठा होता. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडताच ज्या मुंबईचा रंगूनी तांदूळ बंद झाला आणि दुसऱ्याच वर्षी जिला शिधावाटपाचा आश्रय करावा लागला, त्या मुंबईच्या वृद्धांना हे वैभव स्वप्नवत वाटले तर नवल नाही. वैभव खरे आहे. त्यावरून काढलेले अनुमान तेवढे खोटे आहे.

‘शिल्लक’ ठरते कशी, हे प्रथम पाहू. माणसी तांदळाची निव्वळ उपलब्धता काढण्याचा सरकारी दप्तरातील शिरस्ता असा, की एकूण उत्पन्नातून बियाणे, जनावरांचे खाद्य आणि नासाडी यांसाठी साडेबारा टक्के वजा करायचे, आयात-निर्यातीचा फरक मिळवायचा किंवा वगळायचा, सरकारी साठा वाढला असेल तर तितके उणे करायचे, घटला असेल तर तितके अधिक धरायचे, आणि आलेल्या बाकीस लोकसंख्येने भागायचे. या रीतीने १९५१ साली माणसी वर्षाला ५८ किलो, १९९१ साली जवळजवळ ८१ किलो आणि २०११ साली ६६ किलो तांदूळ निघतो. १९९१ नंतरची वीस वर्षे उत्पन्न वाढतच होते; पण ते वाढले तीस टक्क्यांच्या आत, आणि माणसे वाढली चाळीस टक्क्यांवर. पुढे उत्पन्नाने लोकसंख्येला पुन्हा मागे टाकले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र या हिशेबाची खोट आकड्यांत नसून रीतीत आहे. व्यापाऱ्याच्या वखारीत दडलेला तांदूळ खाल्ला गेला असे हा हिशेब समजतो. त्याहून विचित्र गोष्ट अशी की, सरकारी गोदामातून निघून मद्यार्काच्या भट्टीत गेलेला तांदूळ, हे सूत्र जसेच्या तसे लावल्यास, साठा घटला म्हणून लोकांच्या मुखी पडला असे ठरते! ज्या जमाखर्चात भट्टी आणि ताट यांत भेद राहत नाही, त्याच्या आधारे देशाचे पोट भरले असा निर्वाळा कोणी द्यावा, हे आश्चर्य आहे.

दुसरा युक्तिवाद असा की, लोक आता भात कमी खातात. त्यांना दूध, फळे, अंडी हवीत. यात तथ्य आहे. १९९९-२००० साली ग्रामीण भागात माणसी महिन्याला १२.७२ किलो धान्य खाल्ले जाई. २०२२-२३ च्या सर्वेक्षणात ते ९.६१ किलोवर आले. या उतरत्या आकड्यालाच उपासमार म्हणणारे माझ्या बाजूचे काही लोकही मला मान्य नाहीत. खालावलेला आकडा तृप्तीचाही असू शकतो आणि दारिद्र्याचाही, आणि सरासरी या दोघांना एकाच पंगतीला बसवते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने एवढे तरी शिकवायला हवे होते की, प्रांतात धान्य किती आहे या प्रश्नाचे उत्तर आणि ते कोणाला मिळते या प्रश्नाचे उत्तर यांत लाखो प्रेतांचे अंतर पडू शकते. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच साधार दाखवून दिले. आणि २००१ साली, गोदामे तुडुंब भरलेली असताना राजस्थानात भूकबळी पडल्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाला अन्नाच्या हक्काचा खटला चालवावा लागला, ही तर कालपरवाची गोष्ट आहे.

आता शिलकेच्या मूळ प्रश्नाकडे वळू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांना माणसी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला; पण त्याच कायद्याचे नववे कलम लोकांची गणती शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवर, म्हणजे २०११ वर, बांधून ठेवते. त्यानंतरची जनगणना झालेली नाही. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, सुमारे सात कोटींवर थिजला आहे. तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत नव्या सुनेचे किंवा शाळेत जाऊ लागलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेत चढवण्याचा अर्ज घेऊन गेलेल्या बाईला ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळते, तेव्हा ती पात्र नाही असे कोणी म्हणत नसतो. तुझ्यापुढचा कुणी वगळला जाईपर्यंत थांब, एवढाच त्याचा अर्थ असतो. ई-श्रम नोंदणीत नाव असूनही शिधापत्रिका नसलेले सुमारे आठ कोटी श्रमिक आहेत, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयासमोर आली, आणि त्यांना पत्रिका द्या असा हुकूम न्यायालयाला एकदा नव्हे, पुन्हापुन्हा करावा लागला.

माणसी वर्षाचे साठ किलो धरले, तर या आठ कोटींना ४८ लाख टन धान्य लागेल. २०२४-२५ या इथेनॉल-वर्षासाठी महामंडळाच्या साठ्यातून मंजूर झालेला तांदूळ ५२ लाख टन! तोही किलोमागे साडेबावीस रुपयांनी, जेव्हा खरेदी, भरडाई, वाहतूक आणि साठवण धरून सरकारला तो चाळिसाच्या घरात पडतो. शिल्लक म्हणून जे दाखवले जाते, ते ज्यांची नावे चढलेली नाहीत त्यांचेच धान्य आहे, हे माझे मत मी या दोन आकड्यांच्या आधारे मांडतो.

याला उत्तर येते की, साठा कुजू द्यायचा काय? मुळीच नाही. भंडारा-गोंदियाच्या धान-खरेदी केंद्रांवर ज्यांनी हंगामात फेरी मारली आहे, त्यांना उघड्यावर ताडपत्रीखाली पडलेले धान, बारदान्याची टंचाई आणि भरडाईची रखडलेली उचल ठाऊक आहे. क्विंटलभर धानामागे गिरणीवाल्याने ६७ किलो तांदूळ द्यायचा आणि त्यातही चौथा हिस्सा कणी चालायची, अशी ही वहिवाट. हा तांदूळ गडचिरोलीतल्या एखाद्या घरी पोचेपर्यंत त्याने किती हात पाहिलेले असतात! जे खरोखर माणसाच्या खाण्यालायक राहिले नाही, ते भट्टीकडे खुशाल जावे. परंतु खाण्यालायक धान्य आधी खाणाऱ्याला दाखवले पाहिजे, आणि त्याने नाकारल्यावरच दुसरा विचार केला पाहिजे.

पंजाबच्या भूजलाचा आक्षेप मात्र मला सर्वांत भारी वाटतो. ज्या प्रांताचे रोजचे अन्न पोळी, त्याने जमिनीखालचे पाणी उपसून परप्रांतांसाठी साळ पिकवावी, आणि २००९ साली लावणीची तारीख कायद्याने पुढे ढकलण्याची पाळी त्याच्यावर यावी, ही स्थिती टिकणारी नाही. पण यावरून भट्ट्या वाढवाव्यात हे कसे सिद्ध होते? भट्टी ही हमखास गिऱ्हाईक झाली की साळीखालची जमीन सुटण्याऐवजी तिथेच अडकते. पंजाबातील खरेदी क्रमाक्रमाने उतरवून तेथे डाळी आणि मका यांना तितकीच निश्चित हमी द्यावी, आणि पाऊस ज्यांच्या शेतावर आपण होऊन पडतो त्या झाडीपट्टीच्या, कोकणाच्या, ओडिशाच्या धानाची खरेदी आणि वाटप त्याच मुलखात करावे, हा मार्ग दोन्ही दुखण्यांवर चालतो. त्याला वर्षे लागतील. इष्टांकाला तेवढी लागण्याचे कारण नाही: २०२७ च्या जनगणनेचे आकडे छापून येईपर्यंत न थांबता, लोकसंख्येच्या अंदाजावरून प्रत्येक राज्याला वाढीव कोटा देण्याची दुरुस्ती नवव्या कलमात संसदेच्या एका अधिवेशनात होऊ शकते, आणि ती होईपर्यंत भट्ट्यांसाठी साठ्यातून नवी मंजुरी देऊ नये.